मासे जिना चढले नाहीत

प्रिय मास्तरीणबाई,

तुझी प्रकृती कशी आहे, हे विचारणे आता प्रशस्त नव्हे. तरी पत्राची शिस्त म्हणून विचारले आहे, उत्तराची घाई नाही. माझा रक्तदाब उत्तम आहे. (तू गेल्यापासून तो वाढवणारे कोणी उरलेले नाही.)

लिहिण्याचे कारण आपला बंधारा. माशांना अंडी घालण्यासाठी वर जाता यावे, नदी मोकळी व्हावी, म्हणून तो पाडण्याचे खात्याने ठरवले. निवृत्तीनंतर मला निवासस्थानात राहू दिले होते ते केवळ बंधाऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी. बंधारा गेला की घरही जाणार. तुझे स्वयंपाकघर मी सुखासुखी सोडणार नव्हतो. सात पानी हरकत नोंदवली : माशांची सोय मी वीस वर्षांपूर्वीच केलेली आहे, सबब बंधारा राहावा.

सोय म्हणजे तो मत्स्यजिना. माशांनी उड्या मारत बंधारा चढावा म्हणून कडेने पाण्याच्या अठरा पायऱ्या, आराखड्याबरहुकूम. आराखडा उड्या मारणाऱ्या माशांचा आहे आणि आपले मासे तळाने सरकणारे आहेत, हे तू उद्घाटनालाच निदर्शनास आणले होतेस. मी तुला नकाशा दाखवला. (तो माशांना दाखवावा, असे तू सुचवलेस.)

खात्याने महिनाभर मोजणी करण्यास सांगितले, तीही मलाच. माझ्या सचोटीवर त्यांचा फार विश्वास. तीस सकाळी जिन्यापाशी खुर्ची टाकून बसलो. मासे : शून्य. बदक : एक, रोज तेच, उतरताना. मत्स्य अधिकारी बाईंनी बदकासाठी रकाना नसल्याचे कळवले. शेवटच्या दिवशी तुझा भाऊ डबा घेऊन आला, तक्ता पाहून शेजारी बसला.

"भावोजी, शंभर मासे लिहून टाका. ताईचं घर राहील. मासे काय तक्रार करायला येतायत?"

मी लेखणी उचलली. एकचा आकडा काढलासुद्धा. मग तो एका रेघेने खोडला, खाडाखोडीवर नियमाप्रमाणे सही केली आणि शून्य लिहिले.

सोमवारी बंधाऱ्याला खिंडार पाडले. यंत्र बाजूला होण्याआधीच पहिला मासा वर गेला. त्याला वर जाण्याची लेखी परवानगी अद्याप यायची होती. तुझा भाऊ रडत होता. मी मोजत होतो. दुपारपर्यंत चारशे बारा.

तुझा,
बंधारा अधीक्षक (निवृत्त)

ता. क. : एक विनंती. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य एकदा म्हणावेस. पूर्वी ते ऐकताच मी खोलीतून उठून जात असे. आज बसून आहे.

आणखी ता. क. : चार वाजेपर्यंत स्वयंपाकघरात थांबलो. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या (तुझीही) खात्यास परत केल्या. पोच घेतली.