भट्टी पेटवायची कुणी?

सितियावान, मलेशिया,
११ मार्च १९९४

प्रिय दादा,

इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा आणि आईची जीभ, दोन्ही चालू आहेत. गुडघा जरा कमी, जीभ जरा जास्त. वहिनी कशी आहे? बाळाला दात आले का? सिंगापूरच्या उकाड्यात त्याला सारखे मोजे घालत जाऊ नका, असा आईचा निरोप आहे. 

तू पाठवलेले दुकानविक्रीचे कागद पोचले. तुझी सही पाहिली. शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातले लाऊकाका रोज दारावरून जाताना विचारतात, "काय गं मी-हुंग, दादाचं काही आलं का?" मी म्हणते, "पोस्टाचा काही भरवसा नाही, काका." आपलं दुकान घेऊन मधली भिंत पाडायची आणि भट्टीच्या जागी आरसे लावायचे, असं त्यांच्या मनात आहे. माणूस भला आहे. तूही आमच्या काळजीनेच विकायचं म्हणतोस, तुझ्या घरी आम्हा दोघींसाठी खोली रिकामी करून ठेवली आहेस, हे का मला कळत नाही? पण त्याचं मागाहून लिहिते.

बाबा गेल्यावर परवा पहिल्यांदा त्यांचे सदरे काढले. प्रत्येक सदऱ्याची उजवी बाही खांद्यापर्यंत कापलेली. आई म्हणाली, "बोहारणसुद्धा घेणार नाही हे!" आणि हसता हसता रडायला लागली. आठवतं, बाबांच्या उजव्या हातावर एकही केस नव्हता? ओला हात खांद्यापर्यंत भट्टीत घालून कोंपियाचे गोल पाव आतल्या भिंतीला थापायचे, सगळे केस जळून गेलेले. तू शाळेतल्या पोरांना घेऊन यायचास आणि सांगायचास, "बघा, माझ्या बाबांचा एक हात बाईचा आहे." मग बाबा बांबू घेऊन तुझ्यामागे बाजारभर! चीनमधून, फुचौहून बोटीने आले तेव्हा त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? तो हातच होता. त्याच्यावर त्यांनी आपल्याला वाढवलं. चांगले कोंपिया गिऱ्हाइकाला, निखाऱ्यात पडलेले आपल्या ताटात. कुणाच्याशा लग्नाच्या मेजवानीत मी पहिल्यांदा न जळलेला कोंपिया खाल्ला, तर मला तो कच्चाच वाटला.

दादा, एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. अंत्यविधीच्या गर्दीत सांगायची राहिली असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. तू म्हणालास, "शेवटी त्या भट्टीने बाबांना खाल्लंच," आणि मी चहाची भांडी घासायला निघून गेले.

मागच्या वर्षी बाबांचा खांदा वर उचलेना. कामाला ठेवलेला माणूस क्वालालंपूरला पळाला. जन्मभर मला भट्टीपासून हाकलणारे बाबा! "पोरीचा हात भाजला तर तिला नवरा कोण देईल?" नवरा तसाही कुणी दिला नाही, तो भाग वेगळा. एका सकाळी वेताच्या खुर्चीत बसून ते माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलीस? बाही कापून घे."

पहिल्या दिवशी भिंतीला एक टिकेल तर शपथ! हाताला पाणी जास्त लागलं की कोंपिया सरकून खाली, कमी लागलं की धरतच नाही. धपाधप निखाऱ्यात. मी रडकुंडीला आले आणि बाबा पोट धरून हसायला लागले. "रडू नकोस, आज आईला स्वयंपाक नाही!" त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं रे. तू पाहिलं होतंस का?

महिनाभराने एक अख्खा घाणा टिकला. एकही पडला नाही. शाबासकी देणारा तो माणूसच नव्हे. नुसते उठले, दारात गेले, आणि रस्त्यापलीकडच्या मासळीवाल्याला ओरडून म्हणाले, "ये रे, खाऊन जा! माझ्या पोरीने लावलेत!"

आणि तू पहिल्या पगारातून आणलेला विजेचा ओव्हन. त्यात चपला ठेवून त्यांनी तुझा पाणउतारा केला, तू घर सोडलंस. मी भट्टी शिकत होते त्या महिन्यात त्यांनी तो स्वतः घासून काढला. म्हणाले, "शेंगदाण्याची बिस्किटं यात बरी होतील. पोराला अक्कल होती. मलाच नव्हती." मी म्हटलं, मग त्याला कळवा. म्हणाले, "तो इकडे आला की सांगेन." तू आलास, पण ते नव्हते. हे तुझ्या मनाला लागावं म्हणून लिहीत नाही. ते बोलणं तुझ्यासाठीचं आहे, तुला मिळायला हवं.

ते गेल्यावर भट्टी थंडच होती. दुखवट्यानंतर ती मोठ्या मुलाने पेटवायची, असं आई म्हणत होती. मी वाट पाहिली. लोक येऊन दुकानाच्या फळ्यांमधून डोकावायचे आणि परत जायचे. मागच्या आठवड्यात आईनेच कोळसा आणून आपटला. "तुझा दादा काय सिंगापूरहून काडी ओढणार आहे? पेटव!"

पेटवली, दादा. आठ पडले, बाकीचे टिकले. दुपारच्या आत सगळे खपले. लाऊकाका स्वतः रांगेत उभे होते, आणि चार घेऊन गेले.

आता त्या कागदांचं. तुला विचारायला म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण इथवर आल्यावर कळलं, विचारण्यासारखं काही उरलेलंच नाही. कागद याच पाकिटातून परत पाठवते आहे. मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. हवा तेवढा रागाव. पण पुढच्या महिन्यात छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, ये. बाबांच्या कबरीवरचं गवत काढायला मला तू हवास. बाळालाही आण, आजोबा कुठे होते ते त्याला दाखवू.

आणि उत्तर पाठवशील तेव्हा दुकानाचा लांबलचक पत्ता लिहीत बसू नकोस. नुसतं 'कोंपियावाली, सितियावान' लिही. पोस्टमन आता बरोबर आणून देतो.

तुझी धाकटी,
मी-हुंग