कोणत्या कलमात?

बाबा, आज आमच्या शस्त्र परवाना शाखेच्या खिडकीवर तुमच्या वयाचे एक गृहस्थ आले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत फाईल आणि पहिलाच प्रश्न, "हे कोणत्या कलमात लिहिलंय?" मी म्हटलं, "कलमात नाही आजोबा, परिपत्रकात आहे." त्यावर ते म्हणाले, "म्हणजे संसदेत नाही, तुमच्या टेबलावर ठरलं." मला हसू आलं आणि दिवसभर तुमची आठवण येत राहिली.

आपली दुनळी बंदूक माझ्या आजोबांची, तुमच्या वडिलांची. गावच्या उसात रानडुकरं शिरायची म्हणून त्यांनी परवाना काढला होता. ऊस गेला, जमीन गेली, आपण बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत आलो; बंदूक मात्र कपाटामागे, आईच्या जुन्या साडीच्या खोळीत उभी राहिली. प्रत्येक निवडणुकीआधी ती चौकीत जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. रिक्षात तुम्ही ती मांडीवर आडवी धरायचात आणि मी अंग चोरून शेजारी बसायची. "मतदान मी करणार, आणि कोठडी हिला," असं हवालदाराला दरवेळी ऐकवायचात, मग पावती दोनदा वाचूनच चौकीबाहेर पडायचात. कायदा तोच होता, बाबा. वाढत गेले ते आमचे कागद. आधी नूतनीकरणाला एक अर्ज पुरायचा, मग डॉक्टरचा दाखला आला, मग जिवाला धोका असल्याचा पुरावा. तुमच्या शेवटच्या निवडणुकीत बंदूक चौकीतच होती, तेवढ्यात पत्र आलं. गरज सिद्ध होत नाही, सबब नूतनीकरण नामंजूर.

पत्र आलं त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटतेय. तुम्ही ते पत्र ताटाशेजारी ठेवून विचारता, "तू त्याच शाखेत आहेस. खरं सांग, अपील केलं तर?" मी वळूनही न बघता म्हणते, "काही उपयोग नाही बाबा. वरूनच तसं आलंय." आयुष्यभर कलम विचारणारा माणूस "बरं" म्हणतो, भाजी संपवतो आणि हात धुवायला उठतो. ते "बरं" मला अजून बोचतं.

उपयोग होता. तशी दोन अपिलं माझ्या डोळ्यांसमोर मंजूर झाली होती. परिपत्रक कायद्याच्या वर जात नाही, असा शेरा असलेला आदेश मी स्वतः फाईलला लावला होता. पण त्याआधी, बंदूक घरात असताना, एका दुपारी मी लवकर घरी आले तर तुम्ही ती हातात घेऊन दारात उभे. "कोण पाहिजे?" म्हणालात. मला. बंदूक रिकामी होती, हे मला नंतर कळलं. पाच मिनिटांनी तुम्ही चहा मागितलात, झाल्या गोष्टीचं तुम्हाला काहीच आठवत नव्हतं. तुम्ही विसरायला लागला आहात आणि मला तुमची भीती वाटते, हे तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. ऐन वेळी परिपत्रक आयतं मिळालं आणि मी त्याच्याआड लपले. माझ्या भित्रेपणावर सरकारी शिक्का बसला.

आज त्या आजोबांना मी अपिलाचा नमुना दिला, मुदत सांगितली, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून दिली. बाबा, त्या संध्याकाळी तसाच एक नमुना माझ्या पर्समध्येही होता. तुमच्यासाठीच आणला होता. तुमच्या पावत्यांच्या डब्यात तो अजून आहे. फुलीसुद्धा मारलेली आहे.