थोरलीची अर्धी कहाणी

२२ सप्टेंबर
पोचले एकदाची! आष्टीहून दीड तास जीपमध्ये, मांडीवर पिशवी, शेजारणीच्या मांडीवर कोंबडी. तरी मजा आली. बीडच्या आमच्या कॉलेजने काम दिलंय: महिनाभर राहून बायकांच्या तोंडच्या कहाण्या रेकॉर्ड करायच्या. विमलबाईंच्या घरात रस्त्याकडची खोली मिळाली. वर पत्रे, दारात कडुलिंब. विमलबाई सत्तरीच्या, एकट्या. मी आले त्याच दुपारी भाकरी थापता थापता दोन कहाण्या सांगितल्या आणि म्हणाल्या, मनिषा, तू लई ध्यान देऊन ऐकतीस. फार बरं वाटलं.

२५ सप्टेंबर
गंगासागर आली. माझ्याच कॉलेजातली, याच कामावर. तिला मागची खोली. आवाज गोड आहे तिचा, ते मान्य. चुलीपुढे बसून तिने आईकडून शिकलेल्या ओव्या म्हटल्या, तर विमलबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. माझ्यासाठी नव्हती मोडली. लिहायला लाज वाटते, पण जेवण गेलं नाही.

२९ सप्टेंबर
मी रेकॉर्डर घेऊन बसले की विमलबाईंना काही आठवत नाही. गंगासागर नुसती भाजी निवडत बसली तरी कहाणी सुरू. चार दिवसांत तिला अकरा, मला एक.
आज त्यांनी तिला थोरली-धाकटीची कहाणी द्यायचं कबूल केलं. मीही बसते म्हटलं. "न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "ही एकीच्या तोंडातून एकीच्याच कानात जाती. सासूनं मला दिली. आता हिला दिली की माझ्यापाशी ऱ्हाणार न्हाई."
आणि दुसरीने चोरून ऐकली तर? मी हसतच विचारलं. त्या हसल्या नाहीत.
"तिला थोरली धरती."

१ ऑक्टोबर
ऐकली. भरदुपारी, मागच्या खिडकीखाली, गोवऱ्यांच्या ढिगाआड बसून. दोघी सवती. धाकटी जात्यावर गायची तेव्हा सगळ्या आळीच्या बायका गोळा व्हायच्या. थोरलीला कोणी बस म्हणेना. एक दिवस थोरली लाडाने म्हणाली, चल बाई, आपण दोघी—
तेवढ्यात माझ्या धक्क्याने गोवऱ्या ढासळल्या. पळाले. पुढचं राहिलं.

२ ऑक्टोबर
विमलबाईंना आडून आडून विचारलं. "कंची थोरली?" म्हणाल्या. नाटक नव्हतं. कहाणी त्यांच्याकडून खरंच गेली होती.

४ ऑक्टोबर
राहवेना. गंगासागरपुढे सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. तिचं हे चांगलं वागणंच मला सहन होत नाही. म्हणाली, बस, सांगते. "चल बाई, आपण दोघी" इथपर्यंत ऐकलं. पुढे तिचे ओठ हलत राहिले, आवाज नाही. लिंबावरचे कावळे ऐकू येत होते, रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू येत होता. ती नाही. तीनदा सांगितली तिने. शेवटी लिहून दिली. मला कागद कोरा दिसला. ती त्याच कोऱ्या कागदावर बोट ठेवून वाचत होती.

७ ऑक्टोबर
आता गंगासागरचं काहीच ऐकू येत नाही. बाकी सगळ्यांचं येतं. ती गाते, विमलबाई पदराने डोळे पुसतात, मी समोर बसून तिचा हलणारा गळा बघते.
आज पीठ मळताना माझ्या तोंडून 'हूं' निघालं. कहाणी ऐकणारा देतो तसा हुंकार. मी दिला नव्हता.

९ ऑक्टोबर
हुंकार थांबत नाहीत. घशात कोणीतरी बसून ऐकतंय— काय, ते मला नाही ऐकू येत.
विमलबाई मला बघून मागे सरकल्या. "थोरले, पोरीला सोड," म्हणाल्या. कहाणी तर त्या विसरल्यात, मग हे नाव कुठून आलं? माझ्या डोळ्यांत बघून. मला.

१० ऑक्टोबर
गंगासागरने मोबाइलवर लिहून दाखवलं (कहाणी सोडून तिचं बाकीचं लिहिलेलं दिसतं): उद्या कपिलधारला जाऊ, आमच्या घरचे दरवर्षी जातात, तिथल्या संताच्या समाधीपुढे डोकं टेकलं की तुला बरं वाटेल. विमलबाईंनी तिचा हात धरला. "नगं जाऊ हिच्यासंगं." ती हसली. माझ्यासाठी जातेय. माझ्यासाठी—

११ ऑक्टोबर, कपिलधार
धबधबा भरून पडतोय. पायऱ्यांवर तिने माझा हात धरला. उबदार हात. रडू आलं. मग—
कानाशी अनोळखी बाईचा आवाज. स्पष्ट. मला कहाणी सांगतेय. तिला नाही, मला एकटीला! लिहून घेते—
थोरली म्हणाली, चल बाई, आपण दोघी पाण्याला जाऊ. धाकटी पुढं झाली. कडेला वाकली. थोरली तिच्या मागं—

नाही. नको मला पुढचं.

गंगासागर कडेला आहे. वाकून ओंजळ भरतेय. वळून हसली. बोलावतेय.
मी इथेच बसणार. दगडाला धरून—

उठले. मी नाही उठले. लिहिणारा हात तेवढा माझा उरलाय. पाय—
गंगासागर, मागे बघ. ओरडतेय मी. तोंडातून नुसतं हूं— हूं—
चार पावलं. वळ ना गं, एकदा व