दाराच्या भोकातून

वंदना, तुले अन घरच्या लहानमोठ्यायले माहा रामराम.

मी बरी आहे. साहिल अन सून जीव लावतात. मायचे गुडघे कसे आहेत?

पण इथल्या शहरातल्या माणसायची किळस आली वं मले. आपल्याकडे दारावर आलेल्याले आधी गूळपाणी देतात, मग नाव विचारतात. इथं दाराले काचेचं भोक आहे. त्यातून पाहतात अन गुपचूप बसतात.

साहिलनं सांगून ठेवलं, अनोळखीले उघडू नको. काल दुपारी बेल वाजली, म्हणून म्या भोकातून पाहिलं. एक बाई होती, डोक्यावर मिरच्यायचं गाठोडं. "भिवापुरी मिरची आहे. नका घेऊ, पण घोटभर पाणी तरी द्या वं माय. लिफ्टमधी घेतलं नाही, सात माळे चढून आली."

अन मी श्वास रोखून उभी! समोरच्यायनंही उघडलं नाही. ती तशीच उतरून गेली. दोन महिन्यातच मी यायच्यासारखी झाली. थू माह्या जिनगानीवर!

हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. तुमच्या भिवापूरच्या बाजारात दिसली तर तिले घरी ने, गूळपाणी दे. माहं नाव मात्र सांगू नको.

तुही बहीण,
जयवंता