मिस्टर कॉर्लिसना मी दिलेलं उत्तर

हार्लन फोर्ड, ओहायो
रविवार, ८ ऑक्टोबर १९६७

प्रिय रोवीना,

तुमच्याकडे सगळे बरे असतील. वॉल्टरची पाठ आता कशी आहे? इथे थंडी लवकर आली. चर्चच्या जेवणासाठी मी सफरचंदाचे केक केले, त्यातला एक तुझ्या वेंडेलने जवळजवळ एकट्यानेच संपवला. तो माझ्याकडे राहून कॉलेज करतो, त्यामुळे घराला घरपण आहे.

मंगळवारी तुला फोन केला तो हवापाण्याचं बोलायला नव्हता. तुझा आवाज ऐकला आणि जीभच उचलेना. म्हणून लिहिते आहे.

जूनमध्ये इथल्या काचकारखान्याचे मालक मिस्टर कॉर्लिस यांनी पैसे भरून आमच्या पेपरात पानभर मजकूर छापला होता. व्हिएतनाममधून आपण परत यावं, दुसऱ्यांच्या घरात बंदुका घेऊन शिरायचा आपल्याला हक्क नाही, असा. माझ्या सदरात मी त्यांना उत्तर दिलं. दुबळ्या देशाला शब्द देऊन पळणाऱ्यांवर पुढे कोण विसंबेल, असं विचारलं. मागच्या महायुद्धात आपण उशिरा उतरलो, त्याची किंमत कोणी मोजली, तेही विचारलं. आणि कॉलेजातल्या मुलांना सक्तीच्या भरतीतून सूट मिळते, त्यावर बोट ठेवून शेवटी लिहिलं, ‘ज्यांचा मुलगा बॉस्टनच्या विद्यापीठात सुखरूप आहे, त्यांना शांतता स्वस्त पडते.’ त्या वाक्यावर गाव खूश झालं. तूही कात्रण मागवलंस.

एक कात्रण वेंडेलच्या पाकिटात होतं, रोवीना.

गेल्या सोमवारी त्याने सैन्यात नाव दिलं. मला म्हणाला, “मावशी, मीही कॉलेजातच लपलोय ना? मग कॉर्लिसच्या पोरात आणि माझ्यात फरक काय?”

“अरे, ते मी त्यांच्यासाठी लिहिलं होतं.”

“पण खरं होतं ना?”

आईला मी गेल्यावरच सांग, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

पेपरात शोकवार्ता मीच लिहिते, तुला माहीत आहे. यंदा सैन्यातल्या तीन मुलांच्या लिहिल्या. आता टाइपरायटरसमोर बसलं की चौथीचं पहिलं वाक्य आपोआप जुळायला लागतं. वय, कॉलेजचं नाव, मग तुझं नाव. मी उठून बाहेर जाते. अनोळखी गाडी रस्त्यात हळू झाली तरी सैन्याची माणसं निरोप घेऊन आली की काय, म्हणून खिडकीशी धावते. अजून तो गेलेलाही नाही.

काल सकाळी मी मिस्टर कॉर्लिसच्या दारात गेले.

“तुम्ही?” ते म्हणाले. “अजून काही लिहायचं राहिलंय?”

“माझ्या भाच्याची समजूत घाला. माझंच ऐकून निघालाय, आता माझंच ऐकत नाही.”

मला वाटलं, हसतील. पण दुपारी ते आले, स्वयंपाकघरात बसून दोन तास बोलले. वेंडेल शांतपणे ऐकायचा आणि प्रत्येक मुद्द्याला माझं एकेक वाक्य, शब्दही न बदलता, पुढे करायचा. ओट्याशी उभी राहून मी देवाला विनवत होते, या माणसाला जिंकू दे. ते हरले. निघताना मला म्हणाले, “बाई, त्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे जूनमध्येही उत्तर नव्हतं. मुलाला मीच बॉस्टनला पाठवलंय, सुखरूप राहावा म्हणून.”

माझे मुद्दे बरोबर होते, असं मला अजूनही वाटतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण ते लिहिताना वेंडेल वरच्या खोलीत अभ्यास करत होता, आणि मला तो एकदाही आठवला नाही.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला त्याची बस आहे. शपथ क्लीव्हलंडला पोचल्यावर. तोवर मागे फिरता येतं, मी चौकशी केली आहे. पत्र हातात पडताच नीघ. मी सांगितलं म्हणून तो चिडेल, चिडू दे. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. आधी त्याच्याशी बोल.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझी बहीण
लिओटा