अकरा सांधे

१७ फेब्रुवारी
तेलाच्या नळावरचं तपासणी ठाणं, लेन्स्कपासून दीडशे किलोमीटर

प्रिय केशा,

तू, सारदाना आणि मुलं बरी असाल असं धरून चालतो. मीही ठीक आहे. नऊ दिवस झाले, पारा उणे पन्नासच्या वर यायला तयार नाही. ठाण्यावर आता मी एकटाच. जोडीदार येगोर डिसेंबरात निवृत्त झाला, जाताना मांजरही घेऊन गेला. त्याचा रिकामा पलंग बघवत नाही म्हणून त्यावर बटाट्यांची पोती ठेवलीत. संध्याकाळी गोठलेल्या माशाचे काप करून खातो आणि मीठ जास्त पडलं म्हणून स्वतःलाच बोल लावतो. दुसरं आहे कोण?

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो. याआधीचे दोन शेगडीत गेले.

तेलाचा नळ पुरत होतो तो डिसेंबर आठव. तू सांध्यांवर प्लास्टिकच्या बाह्या चढवायचास आणि मी मागून यंत्र फिरवायचो. आवरणात भोक असलं की ते तडतडायचं, नसलं की गप्प. तू प्रत्येक सांधा बर्नरनं इतका तापवायचास की खालच्या अंगाचीही ओल उडून जायची. मुकादम खेकसायचा, "सांधा गुंडाळतोयस की नवरी सजवतोयस?" तू तापवतच राहायचास.

थंडीनं बॅटरी मरते, म्हणून यंत्राची बॅटरी कोटाच्या आत, छातीशी ठेवायची हा आपला नियम. शेवटच्या दिवशी मी तिथं पाव ठेवला, जेवणापर्यंत मऊ राहावा म्हणून, आणि बॅटरी घसरगाडीवर टाकली. अकरा सांध्यांवर यंत्र फिरवलं. एकदाही तडतडलं नाही. मी खूश होऊन भराभर सह्या केल्या. संध्याकाळी शेगडीपाशी बॅटरीला ऊब लागली आणि यंत्राचा दिवा पेटला. म्हणजे दिवसभर तो विझलेलाच होता.

सकाळी नळ खड्ड्यात उतरणार होता. नव्या वर्षाला सगळ्यांना घरी जायचं होतं. मी बोललो असतो तर सगळे अडकले असते, म्हणून बोललो नाही.

सहा वर्षांनी त्या अकरांतल्याच एका सांध्यातून तेल झिरपलं. आवरणात भोक नाही अशी कागदावर माझी सही होती, त्यामुळे चौकशीवाल्यांनी ठरवलं की सांधा न तापवताच तू बाही चढवलीस. कचेरीबाहेर तू मला विचारलंस, "दादा, खरं सांग, यंत्र फिरवलं होतंस ना?"

मी म्हणालो, "फिरवलं होतं."

शब्द खोटा नव्हता, म्हणून तो जास्तच वाईट. तू हातांकडे बघत म्हणालास, "मग माझेच हात चुकले." त्यापेक्षा माझी गचांडी धरली असतीस तर बरं झालं असतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, याकुत्स्कला निघून गेलास, आणि आठ वर्षं मला तोंड दाखवायची लाज तुलाच वाटत राहिली.

बाहीत एखादं बारीक भोक राहिलं असेल. कुणाच्याही हातून राहतं, म्हणून तर मला ठेवलं होतं. मी दाखवलं असतं तर तू पंधरा मिनिटांत बुजवलं असतंस. सांधा तू नीट तापवला होतास, केशा. मी शेजारीच उभा होतो.

परवा सारदानाचा फोन आला. तू घरातच होतास, पण तुला बोलवायचा मला धीर झाला नाही. ती सांगत होती, अंगणातला गरम पाण्याचा नळ गुंडाळायलासुद्धा तू शेजाऱ्याला बोलावतोस, मला जमत नाही म्हणतोस.

आज सगळं लिहून, सही करून कचेरीकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातात दिलंय. नोकरी जाईल, जाऊ दे. सोबत प्रत आहे, ती मुलांनाही वाचून दाखव.

उत्तर आलं नाही तर तक्रार करणार नाही. वाट मात्र बघेन, इथं दुसरं काम नाही. पण या उन्हाळ्यात शेजाऱ्याला बोलावू नकोस. तो नळ तू गुंडाळ.

न तपासता सही करणारा तुझा भाऊ,
प्रोकोपी