गार्डसाहेबांचा वाटाड्या

सिंदी, ३ नोव्हेंबर १९५४.
अक्षर बोराएवढे काढतो आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय म्हणतात. म्हणू देत. दिवाळीला आलेला प्रभाकर जाताना बजावून गेला: ऑपरेशन करा, नाहीतर नागपूरला माझ्याकडे राहायला या; इथं रस्त्यात पडाल. रेल्वेचा गार्ड मुलाच्या घरी पार्सल म्हणून जाणार नाही. ऑपरेशनला भीत नाही. फक्त करायचे नाही.

५ नोव्हेंबर.
नत्थूजी मास्तरांनी मासिक वाचून दाखवले. विलायतेत आंधळ्यांना कुत्रे रस्ता दाखवतात. मालक हुकूम करतो, खड्डे कुत्रा बघतो. मी आंधळा नाही, पण कल्पना चांगली. दारातला तांबडा कुत्रा आजपासून नोकरीवर. नाव: मेल. हिने विचारले, "त्याले काय समजते जी?" इंजिनालाही काही समजत नव्हते, म्हटले.

८ नोव्हेंबर, सकाळी.
माझ्या जुन्या युनिफॉर्मच्या पट्ट्याचा लगाम केला. एक शिट्टी: निघा. दोन: थांबा. पहिल्या शिट्टीला मेल बाजेखाली गेला. उद्यापासून सक्ती.

९ नोव्हेंबर.
प्रत्येक खांबाशी थांबतो. नाव बदलून पॅसेंजर ठेवावे का? नको, धीर खचेल. त्याचा. मासिकात आहे, धोका असेल तर कुत्र्याने मालकाचा हुकूम मोडलाच पाहिजे. मेल सगळेच हुकूम मोडतो. म्हणजे अर्धे शिक्षण उपजत आहे.

११ नोव्हेंबर.
मेल मांजरामागे. समोरून कापसाची बैलगाडी. मी नालीत. बंडूजी चहावाल्याने उचलले. म्हणतो, "गार्डसाहेब, कुत्रं द्या सोडून अन् वयनीले सोबत घ्या." बायकोचा हात धरून सगळ्या सिंदीदेखत स्टेशनवर जाऊ? हिने गुडघ्याला हळद लावली. हळदीपेक्षा बंडूजीचे बोलणे जास्त झोंबले.

१४ नोव्हेंबर.
शिस्त फळली! मेल थेट स्टेशनपर्यंत गेला. बैलगाडी आली तेव्हा थांबला, गेल्यावर निघाला. मासिकवाल्यांना कळवले पाहिजे. परतलो तेव्हा ही दारात धापा टाकत होती. विहिरीचं पाणी खोल गेलं म्हणे.

१७ नोव्हेंबर.
पुन्हा थेट स्टेशन. ही हल्ली जास्त भाकरी करते. माझी भूक वाढली म्हणे. असेल. मेलच्या तोंडाला मात्र भाकरीचा वास येतो. चोरी पकडली पाहिजे.

१९ नोव्हेंबर.
घरात हिच्या जोडव्यांचा आवाज येत नाही. इतकी वर्षे ऐकलेला आवाज. विचारले. बोटं सुजली, काढून ठेवली म्हणाली. वैद्याकडे न्यावे. मेल आहेच.

२१ नोव्हेंबर.
बंडूजी दुकानातून ओरडला, "राम राम वयनी!" वयनी घरी. रस्त्यात मी आणि कुत्रा. बंडूजीचीही नजर गेली. बिचाऱ्याला ऑपरेशन सुचवले. पोट धरून हसला. धक्का बसला असावा.

२३ नोव्हेंबर.
प्रभाकरला निरोप: रविवारी ये. तुला घ्यायला एकटा स्टेशनवर येईन. आलो तर ऑपरेशन आणि नागपूर, दोन्ही विषय बंद. संध्याकाळच्या गाडीने उत्तर आले: कबूल.

२८ नोव्हेंबर, रविवार, दुपारी.
पोचलो. गाडीच्या आधी पोचलो. युनिफॉर्मचा कोट घालून. गाडी थांबली, प्रभाकर उतरला. माझ्याकडे यायच्या आधीच म्हणाला, "आई! तू काऊन पुढं? अन् पायात चप्पल नाई?"
मेलने लगाम हिसडला. पुढे हिच्या हातातून भाकरी खाल्ल्याचा आवाज.
फलाटावर कोणी हसले नाही. हसले असते तर भांडता आले असते.
ही म्हणाली, "तुम्ही कोणाचं ऐकून नाई राह्यले. मग काय पडू देऊ जी?"

त्याच दिवशी, संध्याकाळी.
प्रभाकर म्हणतो मी हरलो. मी तसे मानत नाही. स्टेशनवर वेळेत पोचलो, हे त्याला कबूल करावे लागले. तेव्हा तडजोड: नागपूर रद्द. शुक्रवारी वर्धेला ऑपरेशन. भेव लागते का, हिने विचारले. नाही म्हटले. तेव्हा माझा हात तिच्या हातात होता. काढायचा राहून गेला.
मेल बंडूजीच्या दुकानाशी राहिला. त्याला बिस्किटे मिळतात.
हॉस्पिटलातही ही पुढे, मी मागे. माझी अट एकच: जोडवी घालून चालायचे. आवाज आला पाहिजे.
आणि गार्ड मागच्याच डब्यात असतो. गाडी त्याच्या शिट्टीवर सुटते. शिट्टी सोबत नेणार आहे.